सशाखाली काय अंथरावं, चावायला काय द्यावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सात महिन्यांचे दोन ससे, जाळीच्या तळाचा पिंजरा. दुकानदारानं सोबत लाकडाच्या भुशाची पिशवी आणि रंगीत लाकडी खेळणी दिली. आता एक ससा सारखा शिंकतोय आणि दुसरा सोफ्याचा पाय कुरतडतोय. सासरे म्हणतात, कागलच्या रानात उसाचं पाचट पडलंय, तेच घाला. तुम्हाला विचारायचंय की खाली नेमकं काय अंथरू आणि दात वाढू नयेत म्हणून कोणती खेळणी आणू.

बाकीचं सगळं सावकाश करा, पण तो भुसा आज संध्याकाळच्या आत पिंजऱ्यातून काढा.

आपल्याकडे दुकानात मिळणारा भुसा बहुतेक वेळा वखारीतला किंवा फर्निचरच्या कारखान्यातला असतो. त्यात सागवान किती, प्लायवूड किती, पॅकिंगच्या खोक्यांचं चीड (पाइन) किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्लायवूडच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूडही त्यात येतं. चीड आणि देवदार यांना जो छान वास येतो, त्या वासाची द्रव्यंच श्वासनलिकेला झोंबतात आणि रोज हुंगून हुंगून यकृतावर त्यांचा ताण येतो. परदेशात भट्टीत वाळवून धूळ काढलेला लाकडाचा छिलका मिळतो, तो प्रकार वेगळा. आपल्या हातात येणारा बारीक भुसा म्हणजे निव्वळ धूळ. त्यात ससा श्वास घेतो तो नाकानंच, आपल्यासारखं तोंड उघडून घेत नाही. ते नाक दिवसभर जमिनीपासून दोन बोटांवर असतं. शिंकणाऱ्या सशाबद्दल शेवटी लिहितो, पण सुरुवात इथून.

एक करून बघा. सकाळी पिंजरा झाडायच्या आधी गुडघ्यावर बसा आणि तुमचं नाक सशाच्या नाकाच्या उंचीला न्या. डोळ्यांत चुरचुरलं किंवा नाकाला उग्र वास झोंबला, तर तो लघवीतून सुटणारा अमोनिया आहे. उभं राहून हा वास येत नाही, म्हणून घरातल्या माणसांना वाटतं की सगळं स्वच्छ आहे. ससा मात्र रात्रभर त्यातच असतो. सर्दीच्या सशांमध्ये हा अमोनिया मला फार वेळा आढळलाय, म्हणून पहिल्या भेटीतच मी हे बसून बघायला सांगतो.

आता अंथरुणाचं. सशाच्या बाबतीत मी एकच कसोटी लावतो: खाली जे घालाल ते तो खाणार, हे धरूनच चालायचं. कुत्रं गादीवर झोपतं, ससा गादी चाखून बघतो. वर त्याला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेलं पुढेच जायला हवं, मागे फिरायची वाट नाही. म्हणून ‘हे अंथरूण मऊ आहे का’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘हे यानं मूठभर खाल्लं तर काय होईल’. या कसोटीला पूर्ण उतरणारी वस्तू मला तरी एकच माहीत आहे. वाळलेलं चांगलं गवत.

कोल्हापूरकरांना यासाठी टिमथी या परदेशी गवताच्या महागड्या पिशव्यांवर अडून राहायची गरज नाही. मिळाल्या तर उत्तमच. पण पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडचं डोंगरी गवत दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापलं जातं आणि जनावरांसाठी भारे विकायला येतात. त्यातला चांगला भारा निवडून घ्या. निवडताना हे बघा: रंग हिरवट असावा, निदान पोपटी-पिवळा. काळपट किंवा करडे ठिपके नकोत. मूठभर चुरगाळून हुंगलं की वाळलेल्या रानाचा गोडसर वास यावा, कोंदट वास आला तर तो भारा तिथेच ठेवा. घरी आणल्यावर पांढऱ्या पंचावर झटका आणि पंचावर काय पडतं ते बघा.

पंचावर बघायचं ते मुख्यतः कुसळ. डोंगरी गवतात कुसळी गवत असतंच. त्याची बी पिकली की तिला टोकदार अणी आणि वर पिळाची लांब शेपटी येते. ओल लागली की ती शेपटी पीळ सोडते आणि अणी पुढे पुढे घुसत जाते. तुमच्या धोतराला, साडीला ती कशी चिकटून बसते ते आठवा. एका सशाचा डावा डोळा आठवडाभर गळत होता. घरच्यांनी थेंब घातले, उपयोग नाही. खालची पापणी जरा उलटी केली तर आत अर्ध्या नखाएवढं कुसळ आडवं बसलेलं, आणि त्याच्यासमोर डोळ्याच्या बुबुळावर पांढरा ओरखडा. काढल्यावर डोळा वाचला, डाग मात्र राहिला. हेच कुसळ हिरडीत आणि जिभेखालीही रुततं. म्हणून गवत घेताना कुसळ पिकायच्या आधी कापलेलं मागा, नाहीतर शेंड्याकडचा हातभर भाग कापून टाका आणि खालच्या काड्या-पाती वापरा. पवन्या किंवा मारवेल वेगळं काढून देणारा शेतकरी भेटला तर त्याला सोडू नका.

भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, अंथरायला चालतं. मऊ असतं, ऊब धरतं, खाल्लं तरी इजा नाही. पण त्यात पोषण फारसं नाही, म्हणून ते खालचा थर, खायचं गवत वेगळं वर. पिंजरात एकच भीती, बुरशी. परतीचा पाऊस भात कापणीवर आला की खळ्यावर भिजलेलं पिंजर वरून वाळतं आणि व्हळीच्या, म्हणजे गंजीच्या, आतून काळं पडतं. पेंडी सोडून मधल्या काड्या बघितल्याशिवाय घेऊ नका.

पाचटाबद्दल सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि ते रानातच राहू द्या म्हणावं. उसाच्या पाल्याची कड करवतीसारखी असते. ऊस तोडणाऱ्यांचे हात बघितलेत ना? सशाच्या तळपायाला आणि डोळ्याला ती कड रोज घासणार. तणनाशक आणि इतर फवारणी झालेली असते ती वेगळीच. सरीत पसरलं तर पाचटासारखं जमिनीला दुसरं काही नाही, पिंजऱ्यात मात्र नको. उसाचं चिपाड किंवा कारखान्याचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथाही नको. त्यात उरलेल्या साखरेवर मुंग्या येतात आणि दमट राहिला की बुरशी धरतो. बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीनं कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो, त्याला नावच बगॅसोसिस आहे. धडधाकट माणसाची ही गत, तर दीड किलोच्या सशाचं काय.

पोल्ट्रीत वापरतात ते भाताचं तूस टोचरं आणि धुळीचं, नको. शेंगांची टरफलं अजिबात नकोत, कारण शेंगेवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन सशाला फार लवकर बाधतं. ओलं झालं की गोळा होणारी मांजराची वाळू पोटातही तशीच फुगून गोळा होते, तीही नको. गोणपाट चालेल का, असं बरेचजण विचारतात. तागाचं, चांगलं विणलेलं, कडा दुमडून शिवलेलं असेल आणि ससा ते कुरतडत नसेल तरच. खताच्या प्लास्टिक पोत्याचा तुकडा मात्र कधीच नाही. त्याचे धागे निघतात, ससा ते शेवयांसारखे आत ओढतो आणि आतड्यात त्यांची गाठ बसते. असा एक ससा माझ्या टेबलावर गेला. घरच्यांनी मायेनंच घातलं होतं ते पोतं, थंडी वाजू नये म्हणून.

तुमच्या पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे, ते मला भुशाइतकंच खटकलं. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून बसून टाचेचे केस जातात, कातडी लाल होते, पुढे जखम हाडापर्यंत जाते. दोन्ही सशांना मांडीवर घेऊन मागच्या पायाच्या टाचा आजच बघा. जाळीवर आधी जाड पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या, त्यावर तीन-चार बोटं गवत, अशी मांडणी करा. रोजचा साधा पेपर चालतो, गुळगुळीत रंगीत पुरवणी काढून ठेवा. एका कोपऱ्यात, जिथं ते आधीच लघवी करतात तिथं, प्लास्टिकचा उथळ ट्रे ठेवा आणि खायचं गवत त्या ट्रेच्याच टोकाला भरा. ससा खाताखाता लेंड्या टाकतो, त्यामुळे आठवड्याभरात सवय लागते आणि बाकीचं अंथरूण कोरडं राहतं. ट्रे रोज बदला, सगळं अंथरूण आठवड्यातून दोनदा. ट्रेवर पांढरा थर बसेल, तो लघवीतला कॅल्शियम. पांढरा व्हिनेगर ओतून ठेवला की सुटतो. फिनेल वापरू नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. तेव्हा एकदम मोठा भारा घेऊ नका, पंधरा दिवसांपुरतं आणा. कापडी किंवा तागाच्या पोत्यात, जमिनीपासून वर, स्टुलावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलं की आत वाफ धरते. ऊन पडलं की गॅलरीत पसरा. या दिवसांत सशाची मागची बाजू सकाळ-संध्याकाळ शेपटी वर करून बघा. लघवीनं किंवा मऊ लेंड्यांनी तिथले केस ओले राहिले की माशी अंडी घालते आणि दिवसाभरात आसाडी होते, म्हणजे अळ्या पडतात. सकाळी खाणारा ससा संध्याकाळी आडवा पडलेला मी बघितलाय. आणि अंथरुणात गोचीड-पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्याचा फिप्रोनिलचा स्प्रे मारू नका, त्यानं ससे मरतात.

एप्रिल-मे मध्ये उलट. गवताचा थर पातळ करा आणि शहाबादी फरशीचा एक तुकडा आत ठेवा. दुपारी ससा आपणहून त्यावर पोट टेकून पसरतो.

मध्येच एक सूचना. दोघे भावंडं म्हणालात, पण नर-मादी आहेत का ते तपासून घेतलंय का? मादी तोंडात गवताची जुडी मिशीसारखी आडवी धरून कोपऱ्यात नेऊ लागली आणि छातीचे केस उपटू लागली, तर ती अंथरूण उधळत नाहीये, पिलांची जागा करतेय. गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा असतो.

आता खेळण्यांकडे येतो. तुमच्या प्रश्नात एक गैरसमज आहे, आणि तो माझाही होता. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना सांगायचो, ‘लाकडाचा तुकडा ठेवा, दात झिजतील.’ एका ताईंनी माझं शब्दशः ऐकलं. लाकूड होतं, पेलेटची, म्हणजे दुकानातल्या खाद्याच्या गोळ्यांची वाटी कायम भरलेली होती, गवत नव्हतं. वर्षाभरानं ससा आला तेव्हा त्याची हनुवटी लाळेनं भिजलेली, समोरचे दात मात्र अगदी सरळ. दाढा बघितल्या तर आतल्या बाजूनं सुईसारख्या टोकदार झालेल्या, जिभेला कापत होत्या. सशाला 28 दात, आणि समोरचे व दाढा सगळेच आयुष्यभर वाढत राहतात. समोरचे आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. लाकूड कुरतडताना वापरले जातात ते समोरचे, आणि ते एरवीही एकमेकांवर घासून झिजतात. दाढा झिजतात त्या जबडा आडवा फिरवून गवताची लांब पाती दळताना, जात्यासारख्या. कुठलंही खेळणं ते काम करत नाही. म्हणून दातांसाठी काय आणू, याचं उत्तर पुन्हा तेच: गवत, चोवीस तास, त्याच्या अंगाएवढा ढीग.

मग खेळणी कशाला? मनासाठी. ससा हा बीळ खणणारा, मुळं तोडणारा, साली सोलणारा प्राणी. पिंजऱ्यात त्याला यातलं काही करता येत नाही, मग तो तुमचा सोफा निवडतो. त्याला फोडायला, ओढायला, उधळायला काहीतरी द्या, सोफा पुष्कळसा वाचेल.

सगळ्यात उपयोगी पडलेली दोन खेळणी सांगतो, दोन्ही स्वस्त. एक, पुठ्ठ्याचा खोका. चिकटपट्टी, पिना, लेबल सगळं काढा, दोन बाजूंना सशाएवढी भोकं पाडा, आत गवत कोंबा. तो चार दिवसांत त्याची चाळण करेल, करू द्या. दुसरं, बुरुडाकडची साधी बांबूची दुरडी, रंग आणि रोगण नसलेली. ती गवतानं भरून उलटी ठेवा. ससा नाकानं ढकलतो, कड दातात धरून उचलतो, आपटतो. आणल्यावर कडेवरून तळहात फिरवा, कुसं लागली तर घासून काढा.

झाडांच्या फांद्यांत पेरू पहिला. करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीची डहाळी धुऊन पानांसकट दिली तरी चालते. ससा आधी पानं संपवतो, मग डहाळी पुढच्या पायांनी दाबून एका टोकापासून साल सोलत जातो. तासाभरानं आत पांढरी, गुळगुळीत काठी उरते, तिच्यावर दातांच्या बारीक जोडरेघा. तुतीही उत्तम. रेशीम शेती करणाऱ्या कुणाची ओळख असेल तर त्यांच्याकडून घ्या, पाल्यावर औषध मारलं तर अळ्या मरतात म्हणून ते लोक फवारणीला फार जपतात. बांबू, जास्वंद चालतात. घोसाळं वेलावरच वाळलं की आतली जाळी सशाला चावायला छान. मक्याच्या कणसाची वाळलेली सालपटं द्या, पण दाणे काढलेलं कणीस नको, त्याचे तुकडे आतड्यात अडकतात.

काय तोडायचं नाही, ते नीट वाचा. कण्हेर, घाणेरी, एरंड, रुई, धोतरा. बांधावरचं गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, नावातच सगळं आलं. सुबाभूळ शेळ्या खातात म्हणून लोक सशालाही देतात. त्यातल्या मिमोसिननं सशाचे केस गळतात. आंब्याचा चीक तोंडाला लागतो, म्हणून तोही मी टाळतो. रस्त्याकडेच्या कुठल्याच झाडाचं नको.

आणि उसाचं कांडं नको. आपल्याकडे घरात आलेल्या कुणालाही ऊस देण्याची रीत, पण सशाच्या पोटातले जंतू गवतावर पोसलेले असतात. साखर पडली की भलतेच वाढतात, गॅस धरतो, आतडं थांबतं. सुकामेवा आणि मधाचे गोळे लावलेल्या ज्या ‘च्यू स्टिक’ मिळतात, त्यांचंही तेच. मिठाचा दगड टांगायची गरज नाही.

दुकानदारानं दिलेली रंगीत खेळणी काढून ठेवा. ओल्या पांढऱ्या कापडानं चोळून रंग उतरतो का बघतात लोक, पण न उतरणारा रंगही दातानं खरवडला की पोटातच जातो. सावंतवाडीहून हौसेनं आणलेली लाकडी फळं शोकेसमध्येच शोभतात, सशाला साधं बिनरंगी लाकूड. सुतळीत ओवलेलं, खिळे किंवा घुंगरू असलेलं, डिंकानं चिकटवलेलं काही नको. कुत्र्याचे रबरी चेंडू नकोत. ससा सगळ्यात आवडीनं चावतो ती मोबाईलच्या चार्जरची वायर, तेव्हा खोलीत सोडण्याआधी वायरी पाइपात घाला किंवा उचलून ठेवा. सोफ्याच्या पायाला पुठ्ठ्याची नळी गुंडाळा आणि शेजारीच पेरूची डहाळी टाका. रागावून काही होत नाही.

सगळी खेळणी एकदम देऊ नका. दोन ठेवा, दोन कपाटात, दर चार दिवसांनी बदला.

उरला शिंकणारा ससा. भुसा काढून गवत घातल्यावर तीन-चार दिवस बघा. धुळीची शिंक असेल तर कमी होत जाईल. पण आजच त्याला हातात घेऊन पुढच्या पायांची आतली बाजू, मनगटाजवळ, बघा. ससा वाहणारं नाक तिथंच पुसतो. तिथले केस चिकटून वाळले असतील, गाठी झाल्या असतील किंवा नाकातून पांढरा-पिवळा शेंबूड येत असेल, तर चार दिवस थांबू नका, ससे बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं औषध थेंबभरही तोंडातून देऊ नका, सशाच्या आतड्याला ते जीवघेणं असतं. आणि दोघांपैकी कुणी बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता फोन करा.